धुराड्यावरचे करकोचे

ऑल्डेवाल गावच्या कॅलेंडर समितीची सभा सुरू झाली तेव्हा डाउवे टर्पस्ट्रा इतका निर्धास्त होता, की त्याने दुसरं बिस्किट उचललं. कॉफीबरोबर बिस्किट एकच घ्यायचं, डबा एकदा फिरतो आणि झाकण लागतं, हा गावचा अलिखित कायदा. पण ज्या माणसाचे फोटो वर्षानुवर्षं गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आणि निम्म्या संडासांच्या दारामागे लटकत आले आहेत, त्याला एवढी सूट चालून जावी, असं त्याचं मत होतं. समितीच्या अध्यक्ष रेन्स्के बाईंनी बिस्किटाकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. बाई काही बोलत नाहीत म्हणजे काहीतरी वाईट येतंय, हे डाउवेला शाळेपासून ठाऊक असायला हवं होतं. त्याला पाढे बाईंनीच शिकवले होते.

"यंदा डॉक्टर रोम्बाउटनीही एक फोटो दिलाय," बाई म्हणाल्या आणि टेबलावर एक बेडूक ठेवला.

म्हणजे फोटो. पण बेडूक असा होता की समितीतल्या एका बाईने हात मागे घेतला. त्याच्या पापणीवर दवाचा थेंब होता, थेंबात उलटं गवत होतं, आणि त्या गवतावर, नीट पाहिलं तर, एक मुंगी होती. डॉक्टर रोम्बाउट हे गावचे दंतवैद्य. उट्रेख्ट शहरातून इथे राहायला आलेले, नम्र, गोरेगोमटे, आणि गळ्यात तान्ह्या मुलाएवढा कॅमेरा घालून फिरणारे.

"डाउवे," बाई म्हणाल्या, "तुझ्या कॅमेऱ्यात असं येत नाही का रे?"

डाउवेने खिशातला आपला छोटा कॅमेरा चाचपला. मग त्याने ते भाषण केलं जे तो दर वर्षी फुकट करत असे. फोटो कॅमेरा काढत नाही, माणूस काढतो. फोटो डोळ्याने काढायचा असतो. चांगल्या पातेल्याने कोणी सुगरण होत नाही.

"अगदी खरं," डॉक्टर रोम्बाउट म्हणाले. "मीही मानतो. दात काय, जिद्दीनेसुद्धा निघतो. पक्कड बरी असली तर पेशंट कमी ओरडतो, एवढंच."

समिती हसली. रेन्स्के बाईसुद्धा हसल्या. डाउवेच्या तोंडातलं दुसरं बिस्किट मात्र तिथेच थांबलं, ना पुढे ना मागे.

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. पाणी मंडळाच्या कचेरीत त्याचं काम होतं लोकांच्या तक्रारींना उत्तरं देण्याचं. 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' हे वाक्य त्याच्याइतक्या शांतपणे अख्ख्या प्रांतात कोणी लिहीत नसेल. पण आता एका हाताने तो नोंद घेई आणि दुसऱ्या हाताने कॅमेऱ्यांची तुलना वाची. घरी जेवताना तो बटाटा काट्याला टोचून तसाच धरून ठेवी. बायको हिस्के समोर बसून वाट बघे.

"डाउवे, तो बटाटा फोटोला बसलाय का?"

"हिस्के, तुला माहितेय, काही कॅमेऱ्यांत एका फोटोमागे दहा कोटी ठिपके असतात."

"माझ्या आजीच्या पडद्यालाही होते. खा."

हिस्के शाळेच्या वाचनालयात होती. तिचा आवाज कधी चढत नसे, आणि त्यामुळेच तिच्याशी भांडता येत नसे. भांडायला निदान एका बाजूने तरी आवाज लागतो.

सल्ला द्यायला शेजारी माइंडर्ट होताच. माइंडर्टने उभी हयात कालव्यातून मालाची बोट हाकली होती आणि निवृत्त झाल्यापासून तो कुंपणाशी नांगर टाकून बसला होता. जगात ज्यावर त्याचं मत नाही अशी वस्तू अजून बनायची होती. त्याच्याकडे काच तडकलेला एक फोन होता आणि त्याच फोनने तो आपल्या कोंबड्यांचे फोटो काढी.

"ऐक माझं," तो कुंपणावरून म्हणाला, "कॅमेरा घेऊ नकोस. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. हा बघ माझा फोन. ही बघ कोंबडी. कळतेय ना कोंबडी आहे ते?"

"कळतेय."

"झालं तर. फोटोत आणखी काय पाहिजे?" मग जरा विचार करून तो म्हणाला, "पण घेणारच असशील, तर मोठ्यातला मोठा घे. माझा पुतण्या आधी मधला घेऊन बसला. मग मोठाही घ्यावा लागला. आता दोन वेळा रडतो."

डाउवेने सल्ल्याचा पहिला भाग कुंपणावरच ठेवला आणि दुसरा घरात नेला.

कॅमेरा आला. तो एवढ्या मोठ्या खोक्यातून आला, की टपालवाल्याने धुण्याचं यंत्र कुठे ठेवू म्हणून विचारलं. त्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक पाणी मंडळाच्या नियमावलीहून जाड होतं आणि तितकंच मोघम. डाउवेने पहिला फोटो हिस्केचा काढला, ती खिडकीशी वाचत बसली असताना. संगणकावर तो मोठा करून पाहिला. हिस्केनेही पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हे माझं नाक आहे?" ती शेवटी म्हणाली.

"नाकाचा काही भाग. बघ, एकेक रंध्र..."

"डाउवे, हे यंत्र यापुढे माझ्याकडे रोखायचं नाही. करकोचे काढ, बदकं काढ. माझ्या अंगणाच्या आत नाही."

आणि मग सुरू झाली वरात. नव्या कॅमेऱ्याचा एक फोटो उघडता उघडता जुन्या संगणकाला धाप लागे, मध्येच तो विमानासारखा आवाज करून बंद पडे. म्हणून नवा संगणक आला. कॅमेरा हातात धरून हात कापतो म्हणून तिपाई आली. तिपाई, भिंगं, बॅटऱ्या हे सगळं मावेल अशी पाठपिशवी आली. ती पाठपिशवी पाठीला लावून डाउवे एकदा कालव्याच्या बांधावर पाणकोंबड्यांमागे वाकला तो सरळच होईना. म्हणून पाठ चोळणाऱ्या बाईंकडे खेपा आल्या. त्या बाईंनीही विचारलं, फोनने नाही का काढता येत हो. हिस्केच्या बहिणीच्या वाढदिवसाला स्नेक गावी जाताना पुढच्या सीटवर पाठपिशवी बसली, पट्टा लावून, कारण मागे ती कलंडली असती. हिस्के मागे बसली. सगळा रस्ता ती मांडीवर केक सांभाळत होती, आणि उतरताना पाठपिशवीला म्हणाली, "प्रवास सुखाचा झाला ना?"

एवढं होऊन फोटो? फोटो येत होते. गायीच्या नाकपुडीतले केस मोजता येत होते. पण गायीचं नाक बाराही महिने स्वयंपाकघरात कोण लावणार, हा प्रश्न डाउवेलाही पडला. तो खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घाली. जुन्या कॅमेऱ्याने साधे, बरे फोटो निघत होते. आता त्याला ते पाहवत नसत आणि नवे दाखववत नसत.

अशात धुराड्यावर करकोचे आले.

गावच्या टोकाला जुना लोणी कारखाना होता, कधीचा बंद पडलेला. त्याच्या उंच धुराड्याच्या तोंडावर करकोच्यांच्या जोडीने घरटं बांधलं आणि जूनमध्ये त्यातून दोन पिल्लांच्या चोची दिसू लागल्या. गाव हरखून गेलं. रेन्स्के बाईंनी जाहीर केलं की यंदाच्या कॅलेंडरच्या मुखपृष्ठावर करकोचेच येणार, जो चांगला काढेल त्याचे. डॉक्टर रोम्बाउटनी दुसऱ्याच दिवशी काढले. पण खालून. फोटोत दोन लाल पाय, एक पांढरं पोट आणि पुष्कळशी विष्ठा आली होती, सगळी अतिशय स्पष्ट.

डाउवेच्या डोक्यात प्रकाश पडला. कॅमेरा नव्हता कमी पडत. उंची कमी पडत होती.

"शिडीगाडी," माइंडर्ट कुंपणावरून म्हणाला. जणू तो याच प्रश्नाची वाट बघत जन्मला होता. "सीत्सेकडे आहे. झाडं छाटायची. पाळण्यात बसायचं की थेट वर. पण रस्त्यावर उभी करायची तर नगरपालिकेची परवानगी लागेल बरं."

परवानगीचा अर्ज संगणकावर भरायचा होता. कारण विचारलं होतं: झाडतोड, रंगकाम की चित्रीकरण. डाउवेने प्रामाणिकपणे चित्रीकरणावर टिचकी मारली आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. नगरपालिकेतून एका तरुण बाईंचा फोन आला.

"चित्रीकरणात कलाकार किती आहेत?"

"चार," डाउवे म्हणाला. "दोन मोठे, दोन पिल्लं."

"पिल्लं म्हणजे अल्पवयीन?"

"तसे अल्पवयीनच म्हणायचे."

"मग पालकांची लेखी संमती जोडावी लागेल."

"पालक तिथेच असतात. पण ते करकोचे आहेत."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. "आडनाव करकोचे?"

"पक्षी. पक्षी आहेत ते."

"मग हा आमचा विभाग नव्हे," बाई जरा दुखावल्या स्वरात म्हणाल्या. "तुम्ही आधी सांगायला हवं होतं. तोवर तुमच्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे."

ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकण्याची डाउवेची पहिलीच वेळ. त्याने फोन खाली ठेवला. हजारो घरांत आपण हेच पोचवत आलो, हे त्याला पहिल्यांदा जाणवलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याने एका तक्रारदाराला स्वतःहून फोन केला. तो माणूस इतका घाबरला की त्याने तक्रार मागे घेतली.

पक्षी विभागाने परवानगी दिली, पण घरट्यापासून लांब राहण्याच्या अटीवर. म्हणजे शिडीगाडी कारखान्याच्या आवारात नाही, तर पार चर्चमागच्या हिरवळीवर. तिथून धुराडं काडीपेटीतल्या काडीएवढं दिसे. डाउवेच्या भिंगाने करकोचा म्हणजे नुसता पांढरा ठिपका आला असता. लांबचं भिंग हवं. आणि तसं भिंग गावात एकाच माणसाकडे होतं.

पुढचा आठवडा डाउवेने ते न मागण्याची कारणं शोधण्यात घालवला. शेवटी दाढेचं निमित्त काढून तो दवाखान्यात गेला. तोंडात कापूस असताना मागितलं तर आवाजातला अपमान कळणार नाही, हा हिशेब. डॉक्टर रोम्बाउटनी त्याचं बोबडं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, न्या की. विचारायचं काय त्यात?" ते म्हणाले. "आणि गोड कमी करा. साखर ही दातांची वैरीण, टर्पस्ट्रा."

भिंग आतल्या खोलीतून स्वतः आणून, पिशवीत घालून, पाठीवर थाप मारून दिलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शत्रूने नम्रपणे तलवार उसनी दिल्यावर लढायचं कसं? त्यांच्यासमोर ते कॅमेऱ्याला लावून पाहावं, एवढाही धीर डाउवेला झाला नाही. आपल्याला हे सगळं रोजचंच आहे, अशा चेहऱ्याने तो पिशवी घेऊन बाहेर पडला.

शनिवारी सकाळी हिस्केने कोट घातला.

"तू येत नाहीस बघायला?" डाउवेने विचारलं.

"तू कागदी पिशवीसारखा वाऱ्यावर हेलकावे खाणार आणि मी खाली उभी राहून बघू? मला नाही जमणार. मी चालले स्नेकला, बहिणीकडे. जेवण फ्रीजमध्ये आहे. पडलास तर तिला फोन करायला सांग कोणाला तरी."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की डाउवेला राग आला. लोकांच्या बायका टाळ्या वाजवायला येतात, त्याच्या मनात आलं. कुणाच्या, ते मात्र त्याला आठवेना.

चर्चमागे शिडीगाडी उभी होती. सीत्से गाडीचा मालक, गडी चाळिशीचा, बोलायला महाग. माइंडर्ट घडीची खुर्ची घेऊन हजर होता. त्याने डाउवेला पट्टा कसा बांधावा, श्वास कसा घ्यावा आणि बोटीवर असताना डोलकाठीवरून पडलेल्या एका मित्राचं पुढे काय झालं, हे सगळं सांगितलं. मग सीत्से आणि डाउवे पाळण्यात चढले आणि पाळणा वर निघाला.

पहिल्यांदा कौलं खाली गेली, मग झाडं. "खाली बघू नकोस रे," माइंडर्ट खालून हाताचा कर्णा करून ओरडला, आणि अर्थातच डाउवेने खाली बघितलं. माइंडर्टची खुर्ची पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली होती. त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला. फोटो काढायला तिसरा हात लागणार होता.

"बास का?" सीत्सेने विचारलं.

"बास," डाउवे म्हणाला. खरं तर तो पहिल्या कौलालाच म्हणणार होता, पण तोंड उघडलं नव्हतं.

समोर, दूरवर, धुराडं. घरट्यात पिल्लांचे दोन ठिपके, शेजारी मादीचा मोठा ठिपका. उन्हात सगळं झगझगत होतं. डाउवेने कठड्यावरचे हात एकेक करून सोडले. त्याने मांडीशी पिशवी धरून डॉक्टरांचं भिंग हलक्या हाताने काढलं, कॅमेऱ्याच्या तोंडावर ठेवलं आणि फिरवलं. बसेना. उलटं फिरवलं. बसेना. जरा दाबून पाहिलं. भिंग वेगळ्या कंपनीचं, कॅमेरा वेगळ्या कंपनीचा. दोघांची तोंडं जन्मात जुळणार नव्हती.

"काय झालं?" सीत्से म्हणाला.

"काही नाही," डाउवे म्हणाला. "उतरू या आपण."

सीत्सेने दांडा ओढला. पाळणा हलला नाही. लाल दिवा लुकलुकायला लागला. वारा वाढला की हे यंत्र आपोआप थांबतं, सुरक्षेसाठी, असं सीत्सेने सांगितलं. आता वारा पडेपर्यंत वरच. मग त्याने खिशातून चीजचं सँडविच काढलं, अर्धं डाउवेपुढे धरलं, आणि डाउवेने नुसती मान हलवली तेव्हा दोन्ही अर्धी स्वतः खाल्ली.

वारा त्यांना इकडून तिकडे झुलवत होता. डाउवेला काय करावं कळेना. नुसतं उभं राहिलं की मनात पडण्याचे विचार येत होते. तेव्हा केवळ हाताला चाळा म्हणून त्याने आपलं रोजचं भिंग चढवलं. त्या भिंगातून अख्खं गाव दिसत होतं: मध्ये धुराडं, भोवती घरं, बागा, कालवे, पार दूरच्या पवनचक्क्यांपर्यंत. तेवढ्यात नर करकोचा पंख पसरून घरट्यावर उतरला. डाउवेने डोळे मिटून घेतले आणि बटण दाबलं. दाबतच राहिला, वारा पडेपर्यंत.

त्यातला एक फोटो निघाला. आणि खोटं कशाला बोला, सुंदर निघाला. करकोचे लहान होते, पण अख्ख्या गावाचे राजे असल्यासारखे वर उभे होते, आणि त्यांच्या खाली ऑल्डेवाल अंथरलेलं. रेन्स्के बाई तो बघून गप्प झाल्या, पण या वेळी निराळ्या तऱ्हेने. "डाउवे," त्या म्हणाल्या, "हा नुसत्या कॅलेंडरवर नको. गावजत्रेला सभागृहाच्या भिंतीवर लावू. भिंतभर."

एवढा मोठा केला तरी फोटो तसूभरही धूसर झाला नाही. दहा कोटी ठिपके शेवटी कामाला आले. जत्रेच्या दुपारी पडदा बाजूला झाला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. डॉक्टर रोम्बाउटनी स्वतः पुढे होऊन हात मिळवला. "भिंग कामाला आलं ना?" त्यांनी विचारलं. "फार," डाउवे म्हणाला. तो क्षण त्याने मनात चौकट करून ठेवला, आणि बरंच केलं, कारण तो फार टिकला नाही.

लोक जवळ गेले. चष्मे वर झाले, काहींनी काढून पुसले. डाउवेला वाटलं, पिल्लांच्या पिसांची नजाकत बघताहेत. पण कोणीच वर करकोच्यांकडे बघत नव्हतं. सगळ्यांची नाकं खाली, घरांवर होती.

"हे आमचं अंगण," कोणीतरी म्हणालं. "आणि हे माइंडर्टचं... माइंडर्ट, तुझ्या खुराड्यात हा कोण?"

माइंडर्टचा कोंबडा पहाटे आरवून गल्ली उठवायचा म्हणून बरीच भांडणं झाली होती. तो मी हरलिंगेन गावी देऊन टाकला, असं माइंडर्टने शपथेवर सांगितलं होतं. फोटोत तो कोंबडा खुराड्याच्या दारात तुरा ताठ करून उभा होता.

"तो भाऊ असेल त्याचा," माइंडर्ट म्हणाला.

मग कोणाला तरी दवाखान्यामागची गच्ची सापडली. गच्चीवर आरामखुर्चीत डॉक्टर रोम्बाउट, मांडीवर मुलांच्या पार्टीला आणतात तेवढं मोठं गोड गोळ्यांचं पाकीट, आणि एक गाल फुगलेला. गेल्या दोन वर्षांत साखरेवरून बोलणी खाल्लेलं अख्खं गाव डॉक्टरांकडे वळलं. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड घट्ट मिटून घेतलं.

लोक हसत होते, पण आता प्रत्येकजण स्वतःचं घर आधी शोधत होता. आणि मग एका म्हाताऱ्याने, मुद्दाम नव्हे, नुसतं आश्चर्याने, चर्चच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. गेली काही वर्षं कोणीतरी बागेतला पालापाचोळा चर्चच्या ओढ्यात टाकत असे. त्याविरुद्ध दर महिन्याला गावपत्रात एक कडक टिपण येई, 'ज्यांना स्वतःच्या घाणीची लाज नाही त्यांच्यासाठी'. फोटोत निळं जाकीट घातलेली एक वृद्ध बाई ओढ्यात ढकलगाडी रिकामी करत होती. ते निळं जाकीट रेन्स्के बाईंचं होतं. आणि ती टिपणं लिहिणाऱ्याही रेन्स्के बाईच.

बाईंनी फोटोकडे पाहिलं, मग डाउवेकडे. डाउवेला हात पुढे कर म्हणतील असं वाटलं.

"करकोचे छान आलेत," बाई म्हणाल्या. "आता हा उतरवा."

समितीची सभा पुन्हा भरली. या वेळी बिस्किटाचा डबा फिरलाच नाही. गावात कुजबुज चालू होती, दोघांनी नगरपालिकेकडे तक्रार केली होती, आणि तिचीही नोंद घेण्यात आली होती.

"मी करकोच्यांचा फोटो काढत होतो," डाउवे म्हणाला.

"करकोच्यांना एवढं स्पष्ट कशाला लागतं?" बाई म्हणाल्या. "तुझा जुना कॅमेरा काय वाईट होता? त्यात झाड झाड दिसायचं आणि माणूस माणूस. कोणता माणूस ते ज्याचं त्याला ठाऊक."

शेवटी तोडगा निघाला. मुखपृष्ठावर डाउवेचाच फोटो, पण लहान करून. आणि तरीही कोणी भिंग घेऊन बसेल म्हणून डाउवेने संगणकावर घरोघर जाऊन, कोपरा न कोपरा, सगळी माणसं आणि एक कोंबडा पुसट करायचा. डॉक्टर रोम्बाउट घसा खाकरून म्हणाले, "एवढ्याशा आकाराला, एवढा पुसट, म्हणजे फोनने काढला असता तरी चाललं असतं." कोणी हसलं नाही. डॉक्टरांकडे गावात आता पूर्वीइतकं हसू शिल्लक नव्हतं.

गंमत अशी, की त्या आठवड्यात डाउवेच्या दारावरची घंटा थांबेना. एकेकटे येत. कोणी अंडी घेऊन, कोणी साखरेचा पाव घेऊन. इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज खाली जाई. "पुसायच्या आधी तो मोठा फोटो जरा बघता आला असता तर. माझं नाही रे काही. आमच्या पलीकडच्यांचं बघायचं होतं." डाउवेने कोणाला दाखवला नाही. पण एवढे प्रेक्षक आपल्या कलेसाठी दारात ताटकळताहेत हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं, आणि नाही म्हणताना त्याला जड जात होतं.

कचेरीतून आल्यावर तो पुसायला बसे. कोंबडा पुसला. डॉक्टरांचा गाल पुसला. बाईंची ढकलगाडी तर दोनदा पुसली. कोणी खिडकीत नाक खाजवत होतं, कोणी बाकावर एकटंच बसलं होतं, एक नवरा-बायको कपडे वाळत घालता घालता भांडत होते. शांत गाव म्हणून आपण काय काय छापत आलो, असं त्याच्या मनात येई. सरकत सरकत तो फोटोच्या डाव्या कडेला, आपल्याच घराशी आला.

मागच्या अंगणात, लोखंडी टेबलावर, कोणीतरी उभं होतं. डाउवेने मोठं केलं. आणखी मोठं केलं. कोट घातलेली बाई होती. तिच्या डोळ्यांना दुर्बीण होती, आणि दुर्बीण थेट त्याच्याकडे, पाळण्याकडे, रोखलेली होती.

"हिस्के," त्याने हाक मारली.

ती हात पुसत आली. पडद्याकडे पाहिलं. वाचनालयात पुस्तक चुकीच्या कपाटात सापडल्यावर व्हावा तसा तिचा चेहरा झाला.

"तू स्नेकला गेली होतीस ना?"

"कोपऱ्यापर्यंत गेले होते."

"मग?"

"मग परत आले. मी म्हटलं, पडलाच, तर कुठे पडला ते तरी नक्की ठाऊक असावं."

"पण टेबलावर? ते टेबल डुगडुगतं. पडली असतीस."

"हे तू सांगतोयस?" हिस्के म्हणाली.

डाउवेने चित्र आणखी मोठं केलं. एवढ्या जवळ आणल्यावर दहा कोटी ठिपक्यांतले तिच्या वाट्याला थोडेच आले होते. तिचं तोंड म्हणजे तांदळाची मूठ फेकल्यासारखं दिसत होतं. नाक तर नव्हतंच.

"फार वाईट आलाय," डाउवे म्हणाला. "लांबचं भिंग बसलं असतं ना, तर..."

"हा बरा आहे," हिस्के म्हणाली. "माझा पहिला बरा फोटो." आणि ती स्वयंपाकघरात परत गेली. जाता जाता म्हणाली, "बाईंनी सगळ्यांना पुसायला सांगितलंय, लक्षात आहे ना?"

डाउवेने पुसायचं साधन तिच्यावर नेलं. थोडा वेळ तिथेच धरलं. मग उचललं आणि शेजारच्या घरावर नेलं.

डिसेंबरात कॅलेंडर घरोघर गेलं. मुखपृष्ठावर पत्त्याच्या पानाएवढा फोटो, वर करकोचे, खाली धुक्यात गेल्यासारखं गाव. डॉक्टर रोम्बाउट बेकरीत भेटले. रांगेत त्यांच्या हातात साखर न घातलेला पाव होता, सगळ्यांना दिसेल असा धरलेला.

"टर्पस्ट्रा," त्यांनी विचारलं, "जूनमध्ये एवढं धुकं?"

"पडतं कधी कधी," डाउवे म्हणाला.

धुकं चांगलं दाट होतं. घरं, माणसं, बागा, सगळं त्यात बुडालं होतं. फक्त डाव्या कडेला, मोहरीएवढी, एक बाई टेबलावर लख्ख उभी होती. पण ती तिथे आहे, हे कळायला नजर कुठे टेकवायची, हे गावात दोघांनाच ठाऊक होतं.